घटक ५ : साच्यापासून चिन्हप्रतिमेपर्यंत – दस्तऐवज, लिपी आणि संगणकीय रूपांतर

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला दस्तऐवजाचा संगणकीय साचा आणि चिन्हप्रतिमा यांच्या अंतर्रचनेतील भेद स्पष्ट करता येईल. साच्याचे चिन्हप्रतिमेत रूपांतर करताना देवनागरी लिपीपुढे कोणते प्रश्न उभे राहतात ते सोदाहरण सांगता येईल. आपल्या कार्यालयातील किंवा अभ्यासकेंद्रातील एखाद्या साच्यासाठी स्वतः चिन्हप्रतिमा तयार करता येईल. आणि मजकुराचे चित्र करणे केव्हा इष्ट व केव्हा अनिष्ट, याचा निर्णय घेता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहारातील मराठीचा विचार केला. अर्ज, परिपत्रक, इतिवृत्त, निमंत्रण हे लेखनप्रकार आज बहुधा संगणकावरच सिद्ध होतात आणि त्यासाठी आपण तयार साचे वापरतो. एखाद्या कार्यालयात असे वीस-पंचवीस साचे साठले, की पडद्यावर ते सारे एकसारखे दिसू लागतात. प्रत्येकावर तेच कोऱ्या पानाचे चित्र, आणि खाली अर्धवट कापले गेलेले नाव. मग कोणाच्या तरी मनात येते की प्रत्येक साच्याला स्वतःचे वेगळे चिन्ह असावे. ‘या साच्याची आयकन करून द्या’ अशी मागणी होते आणि साच्याची फाइल चित्राच्या फाइलीत ‘बदलण्याचा’ खटाटोप सुरू होतो.

हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. वरवर पाहता हे तंत्रज्ञाचे काम आहे. परंतु साचा ही भाषेची रचना आहे आणि चिन्हप्रतिमा ही दृश्य खूण आहे. पहिलीकडून दुसरीकडे जाताना काय उरते आणि काय गळते, हा प्रश्न भाषाविज्ञानाचा आणि चिन्हमीमांसेचा आहे. शिवाय ज्या लिपीत आपण लिहितो तिचे स्वरूप माहीत नसेल तर हे काम तंत्रज्ञालाही नीट जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

५.२ साचा : ठरलेली आणि मोकळी स्थाने

साचा ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. मराठेशाहीतील पत्रांत कोणाला कोणता मायना लिहावा याचे संकेत ठरलेले होते. पत्राच्या प्रारंभी मुद्रा उमटवली जाई आणि मजकूर संपला हे दाखवण्यासाठी अखेरीस मोर्तब केले जाई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो तो तेथूनच आला. म्हणजे ठरलेला मजकूर, मोकळ्या जागा आणि ओळख पटवणारे छोटे चिन्ह या तिन्ही गोष्टी आपल्या लेखनपरंपरेत एकत्र नांदत होत्या. मुद्रा पाहताच पत्र कोणाचे ते कळे. पण मुद्रेतून पत्राचा मजकूर मात्र कळत नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर साचा हा एक आकृतिबंध असतो. त्यात काही घटक स्थिर असतात आणि काही स्थाने मोकळी असतात. ‘आपला विश्वासू’ स्थिर. त्याखालील नाव बदलते. ‘दिनांक’ स्थिर, तारीख बदलते. साधे वाक्यही याच तत्त्वावर चालते. म्हणूनच ‘____ने ____ला ____ दिले’ या चौकटीत आपण हजारो वाक्ये बसवू शकतो.

संगणकावर हा साचा कसा साठवला जातो? वर्ड या प्रणालीच्या २००७ च्या आवृत्तीपासून साच्याच्या फाइलीला ‘डीओटीएक्स’ हे विस्तारनाम मिळाले. ही फाइल एकसंध नसते. ती ‘झिप’ पद्धतीने बांधलेले एक गाठोडे असते. ते सोडले तर आत स्वतंत्र फाइली दिसतात : एकीत मजकूर, दुसरीत शैलींची व्याख्या, तिसरीत फाइल करणाऱ्याचे नाव आणि तारखा, आणखी एका कप्प्यात चित्रे. मजकूर साठवला जातो तो युनिकोडच्या क्रमांकांच्या रूपाने. म्हणजे ‘क’ हे अक्षर तेथे चित्र म्हणून नसते, केवळ त्याचा क्रमांक असतो. फाइल उघडली जाते तेव्हा संगणक त्या क्रमांकासाठी टंकातून आकार शोधतो आणि पडद्यावर काढतो. साच्यावर दोनदा टिचकी मारली की मूळ साचा न उघडता त्याच्या आधारे नवा, बिननावाचा दस्तऐवज उघडतो, हेही त्याचे वैशिष्ट्य होय.

५.३ चिन्हप्रतिमेची अंतर्रचना

विंडोज प्रणालीतील चिन्हप्रतिमेची फाइल ‘आयसीओ’ या विस्तारनामाने ओळखली जाते. तिच्यात अक्षरांचे क्रमांक नसतात, शैली नसतात, मोकळी स्थाने नसतात. असतात ते केवळ रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. तरीही ती साध्या चित्रासारखी नाही. एकाच फाइलीत एकाच चिन्हाची अनेक आकारांतील चित्रे असू शकतात : १६ × १६, ३२ × ३२, ४८ × ४८, २५६ × २५६ पिक्सेल इत्यादी. फाइलीच्या प्रारंभी सहा बाइटांचे शीर्ष असते व त्यात एकूण चित्रे किती ते नोंदवलेले असते. नंतर प्रत्येक चित्रासाठी सोळा बाइटांची एक नोंद येते. त्या नोंदीत रुंदी आणि उंची यांना प्रत्येकी एकच बाइट दिलेला आहे. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. म्हणून २५६ हा आकार लिहायचा तेव्हा तेथे शून्य लिहिण्याचा संकेत आहे. शून्याला ‘सर्वांत मोठा’ असा अर्थ केवळ परिसरामुळे प्राप्त व्हावा, हे भाषेच्या अभ्यासकाला गमतीचे वाटल्याशिवाय राहणार नाही.

एकाच फाइलीत अनेक चित्रे कशासाठी? कारण पडद्यावर जागा कमी असेल तर संगणक लहान चित्र निवडतो आणि जास्त असेल तर मोठे. ही योजना तुमच्या परिचयाची आहे. आपण ‘दंत’ आणि ‘दंगा’ या दोन्ही शब्दांत अनुस्वार एकच लिहितो, पण पहिल्यात त्याचा उच्चार दंत्य होतो आणि दुसऱ्यात कंठ्य. परिसर पाहून रूप ठरते, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वेगळे घडले असे वाटतही नाही. चिन्हप्रतिमेतील लहान-मोठी चित्रे ही अशीच परिसरानुसार येणारी रूपे आहेत. त्यांच्यात नेमके काय समान ठेवायचे, हे चित्र करणाऱ्याने ठरवायचे असते.

‘आयकन’ हा शब्द संगणकाच्या क्षेत्रात आणण्याचे श्रेय डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांच्या १९७५ मधील प्रबंधाला दिले जाते. चिन्हमीमांसेत मात्र तो आधीपासून होता. चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार मानले : साम्यावर आधारलेली प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधावर आधारलेला निर्देशक आणि संकेतावर आधारलेले प्रतीक. माणसाचे रेखाचित्र ही प्रतिमा, धूर हा अग्नीचा निर्देशक, आणि भाषेतील बहुतेक शब्द ही प्रतीके. गंमत अशी की संगणकावर ज्यांना आपण सरसकट ‘आयकन’ म्हणतो त्यांतील कित्येक पर्सच्या अर्थाने प्रतिमा नाहीतच. जतन करण्यासाठी फ्लॉपीचे चित्र वापरले जाते. ज्यांनी फ्लॉपी हाताळली त्यांच्या दृष्टीने ती प्रतिमा होती. तुमच्यापैकी ज्यांनी ती कधी पाहिलीच नाही त्यांच्या दृष्टीने ते निव्वळ प्रतीक आहे, शब्दासारखेच पाठ केलेले. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी आलेखवहीच्या चौकोनांत ३२ × ३२ ची चिन्हे रेखाटली. त्या संगणकाच्या कळफलकावरील आज्ञेच्या कळीसाठी त्यांनी निवडलेले चिन्ह स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळाच्या पाट्यांवर वापरात होते. मूळ अर्थाशी नाते तुटले तरी संकेत रुजला.

५.४ पानाचे चिन्ह का होत नाही

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. साच्याचे पान जसेच्या तसे आकुंचित करून त्याची चिन्हप्रतिमा करता येणार नाही का? तांत्रिकदृष्ट्या येते, आणि बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात हेच करतात. पण हिशेब करून पाहा.

ए-फोर आकाराचे पान २१० × २९७ मिलिमीटर असते. पडद्यावर इंचाला ९६ पिक्सेल धरले तर ते सुमारे ७९४ × ११२३ पिक्सेलचे होते. ही ११२३ ची उंची १६ मध्ये बसवायची म्हणजे पान सुमारे ७० पटींनी लहान करायचे. बारा पॉइंटांच्या अक्षराला मूळ पानावर १६ पिक्सेल उंची मिळते. आकुंचनानंतर ती पाव पिक्सेलाहूनही कमी उरते. म्हणजे अख्खी ओळ, तिच्या मात्रा-वेलांट्यांसह, एका ठिपक्याच्या चतुर्थांशात कोंबली जाते. तेथे वाचण्यासारखे तर सोडाच, पाहण्यासारखेही काही राहत नाही. उरतो तो करडा डाग. सर्वांत मोठ्या २५६ च्या आकारातही त्या अक्षराला साडेतीन-पावणेचार पिक्सेलच मिळतात. त्यात भर म्हणजे पान उभे आणि चिन्ह चौरस. १६ च्या उंचीत पानाची रुंदी अकराच्या आसपास भरते आणि दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या राहतात. त्या भरण्यासाठी कोणी चित्र ताणले, की पान फुगीर दिसू लागते.

तेव्हा रूपांतर म्हणजे आकुंचन नव्हे, निवड. तुम्ही सारांशलेखन शिकला आहात. उताऱ्याचा सारांश करताना आपण प्रत्येक वाक्य थोडेथोडे कापत नाही. काय सांगायचे ते ठरवून नव्याने लिहितो. येथेही तेच करायचे आहे. ‘रजेचा अर्ज’ या साच्यातून कोणती एक गोष्ट घेतली असता पाहणाऱ्याला संपूर्ण साचा आठवेल, एवढेच शोधायचे.

आपल्या साहित्यशास्त्रात याला नेमका शब्द आहे : लक्षणा. मुख्य अर्थ जुळत नाही, पण त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेतला जातो आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असते, या लक्षणेच्या तीन अटी मम्मटाने काव्यप्रकाशात सांगितल्या आहेत. निमंत्रणपत्राच्या साच्यासाठी समईचे चित्र काढले तर तो साचा म्हणजे समई, असे कोणी समजत नाही. मुख्यार्थ बाधित होतो. समारंभ आणि समई यांचा संबंध असल्याने अर्थ लागतो, आणि समारंभाला समई ही रूढीच आहे. तिन्ही अटी पूर्ण झाल्या. याउलट इतिवृत्ताच्या साच्यासाठी कोणी टेबलाचे चित्र काढले तर संबंध आहे पण रूढी नाही. पाहणाऱ्याला ते लाकूडसामानाचे दुकान वाटेल. चिन्ह फसले की बहुधा तिसरी अट सुटलेली असते.

५.५ सोळा चौकोनांत देवनागरी

चित्राऐवजी अक्षर वापरण्याचा मोह होतो, आणि तो गैर नाही. ‘प’ म्हणजे पत्र, ‘नि’ म्हणजे निमंत्रण, ‘ब’ म्हणजे बैठक. रोमी लिपीतील कॅपिटल अक्षर पाच रुंद व सात उंच अशा ठिपक्यांच्या जाळीत सहज बसते. देवनागरीचे तसे नाही. आपली लिपी तीन मजल्यांची आहे : शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. सोळा ओळींपैकी वर-खाली एकेक ओळ मोकळी सोडली की चौदा उरतात. शिरोरेषेला दोन दिल्या की बारा. नुसता ‘प’ या बारा ओळींत छान उभा राहतो. ‘नि’ ची वेलांटी आली की वरच्या मजल्यासाठी निदान तीन-चार ओळी द्याव्या लागतात आणि ‘न’ चा देह आठ-नऊ ओळींत आक्रसतो. ‘अर्ज’ हा शब्द तेथे लिहिण्याचा प्रयत्न मी विद्यार्थ्यांकडून करवून घेते. प्रत्येक अक्षराला सात स्तंभ मिळतात आणि ‘अ’ ची डावी बाजू चिखल होऊन जाते.

पण खरी अडचण जागेची नसून भेदाची आहे. स्वनिमविचारात आपण व्यवच्छेदक लक्षण ही संकल्पना पाहिली. ‘पट’ आणि ‘बट’ यांतील अर्थभेद केवळ घोषत्वावर टिकून आहे. लिपीतही असेच असते. ‘व’ आणि ‘ब’ यांत पोटातील एका रेघेचा फरक. ‘प’ आणि ‘ष’ यांतही तसाच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या डाव्या बाजूच्या वरच्या टोकाशी शिरोरेषा सलग आहे की तुटलेली, आणि तेथे गाठ आहे की नाही, एवढ्यावर तोलून धरलेल्या आहेत. वहीवर लिहिताना हा फरक आपण सहज राखतो. सोळा पिक्सेलांत तो एक-दोन ठिपक्यांवर येऊन ठेपतो. संगणक मोठे चित्र आपोआप लहान करतो तेव्हा शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. कोणता ठिपका अर्थ वाहतो हे त्याला ठाऊक नसते. परिणामी बैठकीचा ‘ब’ पाहणाऱ्याला ‘व’ दिसतो आणि घोषणापत्राचा ‘घ’ हा ‘ध’ होतो.

म्हणून लहान आकारातील चित्र आपोआप लहान होऊ देऊ नये, हाताने दुरुस्त करावे. ‘ब’ च्या पोटातील रेघ किंचित जाड करा आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक ठिपका मोकळा सोडा. ‘ध’ ची शिरोरेषा तुटते ती फट दोन ठिपक्यांची ठेवा, मग प्रमाणबद्धता थोडी बिघडली तरी चालेल. सौंदर्याआधी भेद जपायचा. माझ्या एका सहकाऱ्यांना हे पटत नसे. ते कॅलिग्राफी जाणणारे होते आणि अशी ‘ठोकळेबाज’ अक्षरे पाहून अस्वस्थ होत. त्यांचे म्हणणे २५६ च्या आकारापुरते मी मान्य करते.

५.६ वाटेवर लिपीचे काय होते

साचा ते चिन्ह या प्रवासात मजकूर बहुधा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जातो. तेथे तीन प्रकारचे अपघात संभवतात.

पहिला टंकाचा. साच्यात क्रमांक आहेत, आकार नाहीत, हे आपण पाहिले. दुसऱ्या यंत्रावर तो टंक नसेल तर संगणक जवळचा दुसरा टंक घेतो किंवा रिकामे चौकोन काढतो. विंडोजमध्ये अनेक वर्षे आढळणारा ‘मंगल’ हा टंक मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी सिद्ध केलेला. पण तो सर्वच यंत्रांवर असेल असे गृहीत धरता येत नाही. युनिकोडपूर्व काळातील साच्यांची स्थिती तर याहून बिकट. त्यांत देवनागरीचा क्रमांकच नसतो. रोमी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. टंक गेला की पत्रिकेच्या जागी रोमी अक्षरांचा अर्थशून्य गोंधळ दिसतो.

दुसरा अपघात सूक्ष्म आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी जो निर्णय प्रसृत केला त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे मान्य केली. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. कोणते वळण दाखवायचे ते टंक ठरवतो. काही टंकांत मजकुराला ‘मराठी’ अशी भाषेची खूण लावलेली असेल तरच मराठी वळण उमटते. रूपांतर करताना ती खूण वाचली गेली नाही, तर तुमच्या लेखनस्पर्धेच्या चिन्हातील ‘ल’ दंडधारी होऊन बाहेर पडतो. चूक कोणी केली हे मग सापडत नाही.

तिसरा अपघात अर्थावरच घाला घालतो. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत भेद आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हा दुसरा, चंद्रकोरीसारखा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ते जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही, आणि मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना काही वेळा ‘निरुपयोगी’ म्हणून गाळले जाते. ते गळले की रफार होतो. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी केलेल्या पत्राच्या साच्यात असे घडले आणि भाजी किती शिजवावी याच्या सूचना ‘आचार्यांना’ गेल्या. सगळे हसले, साचा करणारी मीच होते, तेव्हा मलाही हसावे लागले.

५.७ प्रत्यक्ष कृती

आता कृतीकडे येऊ. प्रथम एक गैरसमज दूर करावा : फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून ‘डीओटीएक्स’च्या जागी ‘आयसीओ’ लिहिले म्हणजे रूपांतर होत नाही. पोथीच्या कापडावर ‘चित्र’ अशी चिठ्ठी लावल्याने पोथीचे चित्र होत नाही.

मूळ साच्याची प्रत काढून ती बाजूला ठेवा. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये एक नवे पान घेऊन त्याचा आकार १० सेंटिमीटर चौरस करा आणि समास शून्य ठेवा. साच्यातून निवडलेला घटक, म्हणजे एखादे अक्षर, बोधचिन्ह किंवा साधी आकृती, या पानावर मधोमध, कडेला थोडी मोकळी जागा सोडून बसवा. हे पान पीडीएफ स्वरूपात निर्यात करा. पीडीएफमध्ये टंकाचे आकार सोबत बांधले जात असल्याने वर सांगितलेला पहिला अपघात टळतो. आणि अक्षरे योग्य उमटली आहेत की नाही हे तुम्ही याच टप्प्यावर तपासून घ्यायचे आहे, नंतर नव्हे. पुढे गिंप या विनामूल्य चित्रप्रणालीत ती पीडीएफ उघडताना रुंदी १०२४ पिक्सेल द्या. पांढरी पार्श्वभूमी पारदर्शक करा. मग त्याच चित्रात २५६, ४८, ३२ आणि १६ पिक्सेलांचे चार स्वतंत्र थर तयार करा, मूळ मोठा थर काढून टाका, १६ आणि ३२ चे थर मोठे करून पाहत ठिपका-ठिपका दुरुस्त करा आणि शेवटी ‘आयसीओ’ म्हणून निर्यात करा. प्रत्येक थर फाइलीतील एक चित्र होतो. निर्यात करताना २५६ च्या चित्रासाठी पीएनजी संक्षेपाचा पर्याय निवडा. विंडोज व्हिस्टापासून तो चालतो आणि फाइल लहान राहते.

तयार झालेले चिन्ह साच्याला कसे लावायचे? येथे अनेकांची निराशा होते. विंडोजमध्ये फाइलीचे चिन्ह तिच्या विस्तारनामावरून ठरते. एकट्या एका साच्याला वेगळे चिन्ह देता येत नाही. देता येते ते शॉर्टकटला आणि फोल्डरला. म्हणून साच्याचा शॉर्टकट करा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘चेंज आयकन’ निवडा आणि आपली फाइल दाखवा. ती फाइल पुढे हलवू नका, नाही तर चिन्ह नाहीसे होईल.

संकेतस्थळांवर एका टिचकीत असे रूपांतर करून देणाऱ्या सेवा असतात. त्यांच्याकडे साचा धाडण्यापूर्वी त्यात काय आहे ते आठवा. गाठोड्यात फाइल करणाऱ्याचे नाव असते. पुष्कळदा मागील अर्जदाराचा पत्ता पुसायचा राहून गेलेला असतो. शिवाय त्यांच्या यंत्रावर कोणते देवनागरी टंक आहेत हे आपल्या हातात नसते. मी त्या वापरत नाही.

५.८ चित्र झालेला मजकूर

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की चित्र करणे ही एक निर्धोक सोय आहे. एका अर्थी ती आहेही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, तरी मोडीचा टंक सर्व यंत्रांवर नसतो. मोडी अभ्यासवर्गाच्या साच्यासाठी मोडी अक्षराचे चिन्ह केले तर ते कोणत्याही यंत्रावर तसेच दिसते. जुन्या टंकातील एखादे सुंदर शीर्षक जपायचे असेल तरी चित्रच कामी येते.

मात्र या सोयीची चटक लागते. आचाऱ्यांच्या पत्राने पोळल्यावर मी काही काळ सरळ मार्ग धरला होता : साचा पाठवायचाच नाही, त्याच्या पानाचे चित्र पाठवायचे. रफार बिघडणे नाही, ‘ल’ बदलणे नाही. परीक्षेच्या एका अर्जाचा नमुना मी तसाच सर्व विद्यार्थ्यांना पाठवला. अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. ती दृष्टिहीन होती आणि पडदावाचक प्रणालीच्या आधारे शिकत होती. ती म्हणाली, “मॅडम, फाइल उघडते, पण मशीन नुसतं ‘चित्र’ एवढंच म्हणतंय. दोन दिवस मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिघडलंय.”

बिघडले काहीच नव्हते. पडदावाचक अक्षरांचे क्रमांक वाचतो, आकार नव्हे. मी साच्यातून क्रमांक काढून टाकले होते आणि आकार तेवढे ठेवले होते. मला पानभर मजकूर दिसत होता. तिच्यापुढे मी एक कोरी भिंत उभी केली होती, आणि तिने दोष स्वतःच्या यंत्राला दिला होता. त्या संध्याकाळी एकेक रकाना वाचून दाखवत आम्ही तो अर्ज दूरध्वनीवर पूर्ण केला. तो वेळेत पोहोचला. दुसऱ्या दिवशी मी मूळ साचा सर्वांना पुन्हा पाठवला, टंक आत बांधून. वर्डच्या जतन करण्याच्या पर्यायांत तशी सोय असते, ती मला ठाऊक नव्हती असेही नाही.

म्हणून भेद नीट समजून घ्या. चिन्हप्रतिमा ही मुद्रेच्या जागी आहे, पत्राच्या जागी नाही. ज्या मजकुरातून कोणाला काही वाचायचे, शोधायचे, भरायचे किंवा ऐकायचे आहे तो मजकूर मजकूरच राहिला पाहिजे. चिन्हाबरोबर फाइलीचे नाव पूर्ण आणि अर्थपूर्ण ठेवा, कारण पडदावाचक शॉर्टकटचे चिन्ह वाचत नाही, नाव वाचतो. ‘नमुना १ नवीन अंतिम’ या नावापुढे कितीही सुबक समई काढली तरी त्या विद्यार्थिनीला ती दिसणार नाही. ‘निमंत्रणपत्र – वार्षिक स्नेहसंमेलन’ हे नाव मात्र तिला ऐकू येईल. दस्तऐवजात चिन्ह किंवा बोधचिन्ह घातले असेल तर त्याला पर्यायी मजकूर जोडा. तो लिहिताना ‘चित्र’ असे न लिहिता चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. हे वाक्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही. पुढील स्वाध्यायात त्याचा सराव दिला आहे.

५.९ स्वाध्याय

१. आलेखवहीच्या कागदावर १६ × १६ चौकोनांची चौकट आखा. तीत ‘ब’ आणि ‘व’, तसेच ‘घ’ आणि ‘ध’ ही अक्षरे चौकोन रंगवून काढा. कागद सहा फुटांवर ठेवून, अक्षरे माहीत नसलेल्या व्यक्तीला ओळखण्यास सांगा. कोणता चौकोन व्यवच्छेदक ठरला ते नोंदवा.

२. रजेचा अर्ज, बैठकीचे इतिवृत्त आणि शोकप्रस्ताव या तीन साच्यांसाठी चिन्हे सुचवा. प्रत्येक चिन्ह लक्षणेच्या तीन अटींवर तपासा. शोकप्रस्तावासाठी अक्षर योग्य ठरेल की चित्र, याविषयी आपले मत सकारण मांडा.

३. तुमच्या भ्रमणध्वनीवरील कोणतीही दहा चिन्हे निवडा व पर्सच्या वर्गीकरणानुसार त्यांची विभागणी करा. ज्या चिन्हाचा मूळ पदार्थ तुम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही त्याविषयी घरातील ज्येष्ठ व्यक्तीशी बोला आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.

४. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ या जोड्यांप्रमाणे अर्थभेद दाखवणाऱ्या आणखी तीन जोड्या शोधा. त्या संगणकावर टंकित करून दुसऱ्या यंत्रावर पाठवा आणि तेथे त्या कशा दिसतात ते पाहा.

५. तुमच्या अभ्यासकेंद्रातील एखाद्या साच्यासाठी चिन्हप्रतिमा तयार करा. त्याच साच्यातील बोधचिन्हासाठी वीस शब्दांच्या आत पर्यायी मजकूर लिहा. तो मजकूर डोळे मिटून बसलेल्या सहाध्यायाला वाचून दाखवा व त्याने ऐकून काढलेले चित्र मूळ बोधचिन्हाशेजारी चिकटवून स्वाध्यायपुस्तिकेसोबत जोडा.